वैजयंतीचं ध्रुपद

कीर्तनात सगळे महाराजांकडे बघतात, झेलकऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि तेच बरोबर आहे. महाराजांनी ओळ टाकायची; ती खाली पडायच्या आत मागच्या झेलकऱ्यांनी उचलायची, दोनदा घोळवायची, ध्रुपदाचं पालुपद जोडायचं आणि ओळ पुन्हा महाराजांच्या ओंजळीत ठेवायची. तेवढ्यात महाराजांना दम मिळतो नि पुढची ओळ आठवते. भल्याभल्या कीर्तनकारांचं पाठांतर अर्धं त्यांच्या डोक्यात असतं आणि अर्धं झेलकऱ्यांच्या गळ्यात. ज्यांनी जन्मभर कीर्तनं ऐकली त्यांना हे सांगावं लागत नाही.

चारठाण्याच्या शिवकीर्तनात झेलायचं काम शिवप्रकाशचं होतं, मिसरूड फुटल्यापासून. धंद्यानं सरकी-ढेपेचा दुकानदार. कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, हातात झांज, आणि आवाज असा की मृदंगावर बसलेला लिंबाजी म्हणायचा, "अप्पा मागं असला की महाराजानं झोप काढली तरी कीर्तन पार पडतंय."

दिवाळीच्या तोंडावर शिवप्रकाशची बायको वैजयंती तापानं गेली. ताप साधा वाटला, परभणीला नेईपर्यंत साधा राहिला नव्हता. लिंगायत रीतीप्रमाणे तिला बसवून समाधी दिली, बेल वाहिला, माती लोटली. शिवप्रकाशनं सगळं केलं. विधी झाले, दुकान उघडलं, पोती उतरवून घेतली. लोक म्हणाले, धीराचा माणूस हाय. तो धीर नव्हता. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय जड होतो, आपला असून आपला वाटत नाही, टेकवला तरी जमीन लागत नाही. तसा तो सबंध माणूस झाला होता. कुणी चहा दिला तर पीत होता. गोड आहे की बिनसाखरेचा, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. इष्टलिंगाची पूजा मात्र रोज करी. हात आपोआप चालत. देवालाही हे चालत असावं, तो काही बोलला नाही.

गाणं तेवढं बंद झालं. बंद केलं असं नाही. एका सोमवारी तो झांज घेऊन उभा राहिला, महाराजांची ओळ आली, तोंड उघडलं, आणि आतून काही आलं नाही. दुसऱ्यानं ओळ उचलली. शिवप्रकाश शेवटपर्यंत झांज वाजवत उभा राहिला आणि घरी आला.

पूर्वपरीक्षा झाली आणि प्रियांका मॅडम दुकानात आल्या. या मॅडम कुठल्या एका शाळेच्या नव्हत्या. ज्या लेकरांना शिकायला जरा वेगळी वाट लागते, त्यांच्यासाठी तालुक्याच्या गावाहून शाळाशाळांत फिरणाऱ्या त्या विशेष शिक्षिका. शिवप्रकाशची एकुलती एक लेक महेश्वरी दहावीला होती आणि तिला अध्ययन अक्षमता होती. पोरगी बोलायला चुणचुणीत, हिशेबाला बरी, पण पुस्तक उघडलं की अक्षरं जागा सोडत. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात पुसून जाई. कानानं घेतलेलं मात्र टिके, आणि चालीवर घेतलेलं तर पक्कं बसे. म्हणून मॅडमनी युक्ती काढून दिली होती: उत्तराचे लहान लहान तुकडे करायचे, एकेका तुकड्याची ओळ बांधायची, ओळी कीर्तनाच्या चालीवर बसवायच्या. घरात कीर्तन होतंच. बोर्डाच्या परीक्षेला तिला लेखनिक मिळणार होती. महेश्वरीनं तोंडानं सांगायचं, नववीतल्या एका मुलीनं लिहायचं, वेगळ्या खोलीत, थोड्या जास्तीच्या वेळात; पूर्वपरीक्षाही तशीच घेतली होती.

मॅडम एका पोत्यावर टेकल्या. समोर लिंबाजी सरकी घ्यायला उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, त्या पोत्यावर नका बसू, माझ्या म्हशीचं नाव पडलंय त्याच्यावर. बाजूच्यावर बसा."

मॅडम हसल्या नाहीत. "अप्पा, महेश्वरीचे पेपर बघितले मी. प्रत्येक उत्तराची पहिली ओळ आहे. पुढं कोरं."

"कोरं?"

"पहिली ओळ सांगते आणि थांबते. लिहिणारी पोरगी पेन धरून बसून. पर्यवेक्षक सांगत होते, बराच वेळ नुसती गप बसते, मग म्हणते, पुढचा प्रश्न घे."

"तिला येतंय की सगळं." शिवप्रकाश म्हणाला. "घरात म्हणती."

"येतंय, मला माहीत आहे. मग थांबते का? मी विचारलं तिला. म्हणाली, मी थांबले होते. कशासाठी, ते तिलाच सांगता येईना." मॅडमनी पदर सावरला. "खऱ्या परीक्षेत असंच झालं तर नापास होईल. आणि ही पोरगी एकदा नापास झाली की परत बसायची नाही, अप्पा. आठवीत 'ढ' म्हणून चिडवलं तर शाळा सोडून घरी बसली होती. वैजयंतीताईंनी नि मी किती मिनतवाऱ्या करून परत आणली, ते तुम्हाला माहीत आहे."

वैजयंतीचं नाव निघालं की समोरचा माणूस शिवप्रकाशच्या तोंडाकडे बघे. मॅडमनीही बघितलं, लिंबाजीनंही. तिथं काहीच नव्हतं. त्यानं तराजूचं पारडं फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बघतो."

घरी त्याची आई मल्लम्मा निवडणं घेऊन बसली होती. तिला घरदारच काय, गल्लीसुद्धा अव्वा म्हणे. शिवप्रकाशनं मॅडमचं बोलणं सांगितलं तेव्हा अव्वानं सुपातून मान वर केली नाही.

"थांबंल न्हाई तर काय करंल? तिला झेलायला कोण हाय?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? तू दुकानात ऱ्हायचास. हिथं रोज संध्याकाळी कीर्तन चालायचं तुझ्या घरात, तुला पत्ता न्हाई. ही पोरगी हिथं उंबऱ्यात बसून एक ओळ म्हनायची. आत सून भाकरी थापता थापता ध्रुपद म्हनायची. मग ही दुसरी ओळ. परत ध्रुपद. असं पार उत्तर संपस्तोर. लय गोड चालायचं."

शिवप्रकाशनं लेकीला हाक मारली. महेश्वरी आली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"ते पेशीचं म्हण बघू."

महेश्वरीनं डोळे मिटून म्हटलं, "पहिली ती पूर्वावस्था, गुणसूत्रं आखूड जाड होती..." आणि थांबली. डोळे मिटलेलेच. चूल पेटलेली नव्हती. अव्वानं सुपातले खडे वेचायचे थांबवले. पोरीचा चेहरा जराही गोंधळलेला नव्हता. कुणी दार उघडेल म्हणून पायरीवर उभं राहावं, तशी ती उभी होती.

"पुढं?" शिवप्रकाशनं विचारलं.

तिनं डोळे उघडले. "पुढं आई म्हणायची."

"काय म्हणायची?"

"एकीच्या झाल्या दोघी गं, दोघीत तेच धन." हे तिनं चालीवर म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. "पेशीचं हे. नकाशाचं येगळं, इतिहासाचं येगळं. सगळ्याचं येगळं येगळं केलतं आईनं."

सातवी शिकलेली वैजयंती. भाकरीच्या पिठानं भरल्या हातांनी तिनं दहावीच्या धड्याधड्याला ध्रुपद केलं होतं, आणि ते या घरात त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शिवप्रकाशला वाटलं, आता तरी काही वाटेल. त्यानं वाट बघितली. काही वाटलं नाही.

चूक कुणाची म्हणावी? दुसऱ्या घरात एखाद्या आईनं नुसती उजळणी घेतली असती. हे कीर्तनवाल्यांचं घर. इथं ओळ टाकणाऱ्यानं एकट्यानं पुढं जायचंच नसतं, मागून उचलल्याशिवाय दुसरी ओळ टाकणं हा उर्मटपणा. महेश्वरी जन्मल्यापासून हेच ऐकत आलेली. तिच्या पाठांतरात आईचा आवाज बरोबर मधोमध गाठीसारखा बसला होता. तो गेला आणि दोन्हीकडचं सुटलं.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अप्पा, आता तुम्ही म्हणा."

"मला आवाज लागंना झालाय, मॅडम."

"चांगला लागायला नको. नुसता लागला तरी चालेल."

पहिल्या संध्याकाळी तो बसला. महेश्वरीनं ओळ टाकली. त्यानं म्हटलं, "एकीच्या झाल्या दोघी, दोघीत तेच धन."

"पप्पा, असं न्हाई. गिऱ्हाइकाला भाव सांगितल्यासारखं म्हणायलाव."

अव्वा आतून फिसकन हसली. "त्येला तेवढंच येतंय आता."

परत. परत तेच. चौथ्या-पाचव्या खेपेला गळ्यानं आपोआप चाल धरली. त्यात भाव नव्हता, जुन्या बैलाला वाट माहीत असते तसा तो आवाज चालला. पण महेश्वरीला तेवढं पुरलं. "मध्यावस्थेत मधोमध रांग धरून उभी राहती..." ती पुढं गेली, त्यानं झेललं, "पश्चावस्थेत दोन टोकां ओढली जाती..." परत झेललं, आणि अंत्यावस्थेपर्यंत उत्तर पार पडलं. महेश्वरी टाळी वाजवून म्हणाली, "बघा! येतंय का न्हाई?"

मग रोजचं झालं. दुकान लवकर बंद करून तो घरी येई. पोरगी एकेक धडा काढे, त्याचं ध्रुपद त्याला शिकवी, आणि बापलेक बसत. कुठं वैजयंतीनं गंमत केलेली असे. नद्यांच्या धड्याला तिनं ध्रुपद केलं होतं, "जाशील तिथं जा बाई, आधी घागर भरून जा." ते म्हणताना महेश्वरी दर वेळी हसे, आणि हसून झालं की पुढची ओळ बिनचूक येई. शिवप्रकाश हसत नसे. पण घरात त्या तासाभरात त्याला एक जागा मिळत होती. दिवसभर तो कुठंच नसे, दुकानात नसे, जेवणात नसे. दोन ओळींच्या मधल्या त्या फटीत, वैजयंतीचे शब्द तोंडात घेतले की, तो तेवढ्यापुरता कुठंतरी असे. बरं वाटे असं नाही म्हणता येणार. असणं वाटे.

मॅडमनी येऊन ऐकलं, खूश झाल्या. "आता खरं काम. परीक्षेच्या खोलीत तुम्ही नसणार. लेखनिकेला एक अक्षर बोलायची मुभा नाही. म्हणून हा आधार आपण हळूहळू काढून घ्यायचा. आत्ता सगळं ध्रुपद म्हणताय ना? पुढच्या आठवड्यात अर्धंच म्हणा. मग नुसता पहिला शब्द. मग नुसतं बोट वाजवा. मग काहीच नाही, नुसते समोर बसा. मग समोरही बसू नका. तोवर तिचं ती मनात म्हणायला शिकेल. एकदम काढलं तर कोसळेल, आणि काढलंच नाही तर..."

"कळलं," शिवप्रकाश म्हणाला.

कळलं होतं. ठरलेल्या संध्याकाळी त्यानं अर्धं सोडायचं ठरवलं. महेश्वरीनं ओळ टाकली, त्यानं "एकीच्या झाल्या दोघी गं" म्हटलं, आणि जीभ थांबायच्या ऐवजी पुढं गेली, "दोघीत तेच धन." उद्या सोडू, असं तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तो तसं म्हणायचाही थांबला. मॅडमचा फोन आला की सांगे, "हां, चालू हाय." महेश्वरी जवळ असली तर बापाकडे बघे. पण तिलाही ते सोयीचंच होतं, तीही काही बोलली नाही.

महाशिवरात्रीचा शिवनाम सप्ताह बसला. देवळापुढं मांडव पडला, लिंबाजीनं मृदंगाला शाई चढवून आणली आणि दुकानात येऊन उभा राहिला.

"अप्पा, येणार का न्हाई? कीर्तनकार नांदेडकडचे हायत. मोठा आवाज हाय म्हंत्यात. मागं तू नसलास तर आमची अब्रू जाईल."

"घरी असतंय माझं संध्याकाळी. पोरीचं."

"पोरीला रोज झेलायलास, एक दिवस आमाला झेल की. का आता मास्तरीणबाईच्या हुकुमाशिवाय तोंड उघडत न्हाईस?"

"येतो," शिवप्रकाश म्हणाला, आणि गेला. झांज हातात घेतली. महाराजांची पहिलीच ओळ आली, भरदार, सरळ त्याच्याकडे टाकलेली. त्यानं तोंड उघडलं. आत कोरडं होतं. शेजारच्यानं ओळ उचलली. लिंबाजीनं मृदंगावरून एकदाच त्याच्याकडे बघितलं आणि नंतर सबंध कीर्तनभर बघितलं नाही. घरी पोरीसमोर लागणारा आवाज देवापुढं का लागत नाही, याचा त्यानं विचार केला, पण उत्तर मनापर्यंत पोचलं नाही. मधेच कुठंतरी राहिलं.

परीक्षा तोंडावर आली. मराठीचा पेपर दोन दिवसांवर असताना प्रियांका मॅडम न सांगता घरी आल्या. महेश्वरीला अंगणात बसवलं, शिवप्रकाशला म्हणाल्या, "तुम्ही आत बसा." आणि विचारलं, "सूत्री विभाजन सांग, ते पेशीचं."

आतून त्याला लेकीची पहिली ओळ ऐकू आली. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. गल्लीतून कुणाची तरी मोटारसायकल गेली. मग मॅडमचा आवाज, "दुसरं. नद्यांचं सांग." एक ओळ. आणि परत तेच.

मॅडम आत आल्या. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "अप्पा, तुम्ही काढलंच नाही का काही?"

शिवप्रकाशनं मानेनंच नाही म्हटलं.

"मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात चालू आहे."

"चालूच व्हतं की," महेश्वरी दारातून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पप्पा रोज म्हणायचे. पार पुरं म्हणायचे. एकदा पण अर्धं सोडलं न्हाई."

"कामून न्हाई सोडलं?" हे अव्वानं विचारलं. ती कोपऱ्यात बसली होती, हातातली माळ तिनं खाली ठेवली. "बोल की. मॅडमला न्हाई तर मला सांग."

"सोडता आलं न्हाई, अव्वा."

"यील कसं? तुला तुझी बायको पायजे. पोरीला पेपर हाय." अव्वाचा आवाज चढला नाही. "माझी पन सून व्हती ती. माझ्या पायाला तेल लावायची. मला न्हाई का ऐकू येत तू म्हनतोस तवा? रोज येतंय. म्हनून काय मी पोरीचं साल खाऊ का?"

महेश्वरी आत निघून गेली. मॅडम उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "विज्ञानाला अजून दिवस आहेत. भाषा निघतील, त्यात पाठ करण्यासारखं कमी आहे. गणिताला सवलत आहे. विज्ञान नि पुढचे विषय, एवढंच आपल्या हातात आहे. मी रोज येऊ शकत नाही, अप्पा. माझ्याकडं अजून लेकरं आहेत." आणि गेल्या.

त्या संध्याकाळी शिवप्रकाश लेकीसमोर बसला आणि म्हणाला, "टाक."

तिनं ओळ टाकली. त्यानं म्हटलं, "एकीच्या झाल्या दोघी गं," आणि दात दातावर दाबले. उरलेली अर्धी ओळ त्याच्या तोंडात राहिली, घास अडकावा तशी. महेश्वरी बघत राहिली.

"म्हणा की."

त्यानं मान हलवली.

"पप्पा, म्हणा की. एवढ्या बारी म्हणा, उद्यापासनं नका म्हणू."

त्यानं पुन्हा मान हलवली. पोरगी चिडली, रडली, पुस्तक भिंतीवर आपटलं. "मला येत न्हाई. मी जात न्हाई परीक्षेला. तुमाला काय हाय त्याचं, तुमाला कशाचंच काय वाटत न्हाई!" अव्वा उठायला लागली तर शिवप्रकाशनं हातानं तिला बसवलं. मग पुस्तक उचललं, लेकीसमोर ठेवलं आणि म्हणाला, "टाक."

असे दिवस गेले. भाषेचे पेपर होत होते, मधल्या सुट्ट्यांत हे चाललं होतं. अर्ध्यावरून पहिल्या शब्दावर आलं. "एकीच्या," एवढंच. मग त्यानं नुसतं ओठ हलवले. मग तर्जनी फरशीवर वाजवली. दर पायरीला महेश्वरी अडखळे, एखादी संध्याकाळ वाया जाई, आणि दुसऱ्या दिवशी पुढं सरके. दर पायरीला त्याच्या तोंडातून वैजयंतीचा एक शब्द जाई. ते शब्द परत कुठं म्हणायचे, हे त्याला माहीत नव्हतं. एखादा माणूस घर आवरतो तसं तो ते काम करत होता, एकेक वस्तू उचलून, तिच्याकडे न बघता.

विज्ञानाच्या आदल्या दिवशी त्यानं बोटही वाजवलं नाही. हात मांडीखाली घेऊन बसला. महेश्वरीनं पहिली ओळ म्हटली. थांबली. शिवप्रकाश भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता, मग त्यानं तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी हलत होती. अगदी थोडी. ओठ बंद, आवाज नाही, पण चाल चालली होती, त्याला गळ्याच्या हालचालीवरून ती ओळखता आली. जिथं सम यायची तिथं हनुवटी खाली आली. मग तिनं तोंड उघडलं आणि दुसरी ओळ म्हटली.

अव्वानं चुलीपुढून वळून बघितलं. कुणी टाळी वाजवली नाही.

परीक्षेचं केंद्र जिंतूरला होतं. शिवप्रकाश रोज तिच्याबरोबर एसटीनं जाई आणि फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत इतर आईबापांबरोबर बसे. त्या दिवशी कुणीतरी त्याला शेंगदाणे दिले, ते त्यानं खाल्ले. शेजारची एक बाई म्हणाली, "कसलं अवघड हाय म्हनं सायन्स. माझं लेकरू रात्रभर झोपलं न्हाई. तुमची पोरगी?" तो म्हणाला, "झोपली." आतल्या एका खोलीत महेश्वरी बोलत असेल, दुसरी मुलगी लिहीत असेल, एवढं त्याला माहीत होतं. खोली कोणती, ते बाहेरून कळत नव्हतं. सगळ्या खिडक्या सारख्या होत्या. मुलं सुटली, निघून गेली. महेश्वरीला जास्तीचा वेळ होता, म्हणून फाटकाबाहेर तो एकटा उरला.

ती आली तेव्हा तोंडावर घाम होता. पाण्याची बाटली रिकामी करून मगच बोलली.

"सगळे प्रश्न सोडवले. एक न्हाई आला, पण तो मला घरी पण यायचा न्हाई."

"मधी थांबलीस?"

"थांबले की. दर ओळीला थांबले. ती लिहिणारी पोरगी बघायली माझ्याकडं, येडी का काय म्हणून. पण मग मनातल्या मनात झेललं, नि गेले पुढं."

ते बसस्टँडकडे चालू लागले. उन्हं कडक होती. शिवप्रकाशच्या मनात एक प्रश्न आला. विचारू नये असं त्याला वाटलं, आणि तरी त्यानं विचारला.

"मनात म्हणतीस तवा... आवाज कुणाचा येतो?"

महेश्वरीनं चालता चालता विचार केला. खोटं बोलायचं तिच्या मनातही आलं नाही.

"पयले आईचा यायचा. मग तुमचा. आज माझाच होता."

"बरं," तो म्हणाला.

चारठाण्याच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. शिवप्रकाशच्या छातीत डाव्या बाजूला काहीतरी टोचायला लागलं होतं. जड झालेल्या पायात रक्त परत उतरायला लागलं की पहिल्यांदा असंच टोचतं, हे त्याला माहीत होतं, पण त्यानं त्याला काही नाव दिलं नाही. गाडी गावाबाहेर निघाली. महेश्वरीनं पिशवीतून इतिहासाचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि बापाच्या मांडीवर ठेवलं.

"तुमी नुसता प्रश्न वाचा. बाकी काय करू नका."

त्यानं चष्मा लावला. गाडीच्या हादऱ्यांत अक्षरं हलत होती. बोट ठेवून, सावकाश, त्यानं प्रश्न मोठ्यानं वाचला आणि गप बसला.